परळच्या सभागृहातील ध्वनिमांडणी: मुक्तस्रोत साधनांवर काम करणाऱ्या कलाकाराचे एक प्रकरण

परळमध्ये, जुन्या गिरण्यांच्या आवारांपासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका विश्वस्त संस्थेचे ग्रंथालय असून त्याला लागूनच एक लहानसे सभागृह आहे. गिरणगावातून नाहीशा झालेल्या आवाजांवर आधारित एक कायमस्वरूपी मांडणी या सभागृहात उभारावी असे संस्थेने ठरवले आणि ते काम एका बहुमाध्यम व ध्वनिकलाकार महिलेकडे सोपवले. ही कलाकार लालबागच्या चाळीत वाढलेली असून तिचे वडील साचेखात्यात कामाला होते. गेली अनेक वर्षे ती केवळ मुक्तस्रोत प्रणालींवर, म्हणजे ज्यांचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो अशा साधनांवर काम करते. संबंधितांच्या इच्छेनुसार येथे व्यक्तींची आणि संस्थेची नावे दिलेली नाहीत. मांडणीचे कलामूल्य ठरवणे हा या अभ्यासाचा हेतू नाही. मांडणी संस्थेच्या ताब्यात गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तिच्यात जे फेरफार झाले, ते कसे झाले, कोणी निस्तरले आणि त्यातून हक्कांची कोणती फेरमांडणी करावी लागली, एवढेच येथे तपासले आहे.

मुंबईतील कापडधंद्याचा इतिहास १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या गिरणीपासून सांगितला जातो, आणि त्याचा शेवट बहुतेक लोक १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाशी नेऊन जोडतात. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि या पट्ट्यातले आवाज कोणी मुद्दाम टिपून न ठेवताच गेले. कलाकाराच्या हाती त्यामुळे तयार ध्वनिसंग्रह असा नव्हताच. निवृत्त कामगार आणि खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया मिळून नऊ जणांच्या आठवणी तिने ध्वनिमुद्रित केल्या, धोट्याच्या मागाचा आवाज भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात जाऊन घेतला, आणि भोंगा मात्र कोठेच उरलेला नसल्याने तो संगणकावर घडवायचे ठरवले.

साधनांची निवड

मांडणीचा आराखडा साधा होता. सहा स्पीकर, समोरासमोरच्या भिंतींवर दोन प्रोजेक्टर आणि रास्पबेरी पाय ४ हे तळहाताएवढे दोन स्वस्त संगणक, त्यांपैकी एक आवाजासाठी व दुसरा चित्रासाठी. आवाजाचा संगणक प्युअर डेटा या, आवाज घडवण्याच्या व वाजवण्याच्या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो आणि नेटवर्कच्या तारेतून ओपन साउंड कंट्रोल पद्धतीचे छोटे संदेश पाठवून चित्राच्या संगणकाला वेळ देत राहतो. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या हेडफोन जॅकमधून दोनच वाहिन्या मिळतात आणि तो आवाजही पुरेसा स्वच्छ नसतो, म्हणून यूएसबीवर चालणारे आठ वाहिन्यांचे बाहेरचे साउंड कार्ड जोडले. तारा, कनेक्टर आणि किरकोळ सामान लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आले.

संस्थेच्या चिटणिसांचा आक्षेप पहिल्याच बैठकीत पुढे आला. एका पुरवठादाराने त्यांना सर्व काही आत बसवलेली, कुलूपबंद पेटी आणि वार्षिक देखभालीचा करार असा प्रस्ताव दिला होता. “कंपनीच नाही म्हटल्यावर बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा?” हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता, कारण संस्थेत तांत्रिक माणूस म्हणावा असा कोणीच नव्हता. कलाकाराचे म्हणणे असे की कुलूपबंद पेटी बिघडली की ती ज्याने बनवली त्याच्याकडेच परत जाते आणि तो माणूस धंदा बंद करून बसला असेल तर ती पेटी भंगारात जाते. उघड्या कोडची मांडणी मात्र ज्याला वाचता येते असा कोणीही दुरुस्त करू शकतो. हे उत्तर तत्त्वतः बरोबर असले तरी अपुरे होते, हे पुढे दिसून आले. असा वाचणारा माणूस नेमका कोण आणि तो कोठून यायचा, हे त्या बैठकीत कोणीही विचारले नाही.

येथे एक तांत्रिक निर्णय नोंदवण्याजोगा आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. प्युअर डेटा ही प्रणाली मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात घडवली. त्याआधी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत त्यांनी मॅक्स या प्रणालीचा पाया घातला होता. प्युअर डेटाच्या गाभ्याला जोडून इतरांनी असंख्य पूरक घटक लिहिले आणि ते एकत्र बांधून पीडी-एक्स्टेंडेड नावाची लोकप्रिय आवृत्ती निघाली. तिची अखेरची आवृत्ती २०१३ ची आहे. त्यानंतर ती कोणी सांभाळली नाही आणि तिच्यावर बेतलेले कलाकाराचे आपलेच काही जुने काम नव्या संगणकावर दुरुस्तीशिवाय चालेना. परळच्या मांडणीत तिने म्हणून गाभ्यातलेच घटक वापरायचे, पूरक एकही नाही, असा नियम घालून घेतला. परिणामी काही गोष्टी तिला लांबच्या वाटेने कराव्या लागल्या. मुक्तस्रोत असणे आणि टिकाऊ असणे यांची आपल्याकडच्या चर्चेत फार सहज सांगड घातली जाते. वास्तविक सोडून दिलेला उघडा कोडही काही वर्षांत निकामी होतो, फक्त त्याचे शवविच्छेदन करण्याची मुभा राहते. या प्रकरणात मांडणी टिकण्याचे निम्मे श्रेय साधन मुक्तस्रोत असण्याला असेल, तर निम्मे या कंजूष नियमाला द्यावे लागेल.

भोंगा

भोंगा घडवण्याचे काम या प्रकल्पातले सर्वांत वेळखाऊ ठरले. फिरत्या चकतीच्या भोंग्यात चकतीची भोके आणि तिच्या दर सेकंदाच्या फेऱ्या यांचा गुणाकार म्हणजे आवाजाची वारंवारता. चकती वेग घेते तसा सूर चढतो आणि वीज तोडली की हळूहळू उतरतो. दहा भोकांची चकती सेकंदाला पंचेचाळीस फेरे घेत असेल तर ४५० हर्ट्झचा सूर निघतो. हे गणित कागदावर सोपे आहे आणि पहिला नमुना त्यावरूनच केला गेला: करवतीच्या दात्यांसारखी लहर, तीन सेकंदांत चढणारी आणि तेवढ्याच वेळात उतरणारी.

तो ऐकवण्यासाठी तिघा निवृत्त कामगारांना सभागृहात बोलावले होते. त्यांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी, जे एका गिरणीत आधी बदली आणि मग कायम कामगार होते, पहिल्याच वेळी मान हलवली. “पोरी, ही लोकल आहे. भोंगा असा भसकन येत नव्हता, तो पोटातून वर चढायचा.” चढण आठ सेकंदांची केली, तेव्हा दुसऱ्यांनी सांगितले की आवाजात वाफेचा फुत्कार हवा, कारण त्यांच्या गिरणीचा भोंगा वाफेवरचा होता. गोंगाटाचा एक प्रवाह अरुंद पट्ट्यातून गाळून त्यात मिसळला. तरीही कोणाचेच समाधान होईना आणि कारण काय ते तिघांनाही सांगता येईना.

उलगडा झाला तो एका वेगळ्याच बोलण्यातून. चहा घेताना तेच वयस्कर गृहस्थ म्हणाले की भोंग्याखाली उभे राहून भोंगा ऐकण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. त्यांनी तो आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत, गोधडीत, पहिल्या पाळीला उठायच्या आधी ऐकला. म्हणजे त्यांच्या कानात होता तो गिरणीच्या छपरावरचा भोंगा नव्हता, दोन-तीन चाळींपलीकडून, खिडकीतून आणि भिंतींवरून परतून आलेला भोंगा होता. लांबून येणाऱ्या आवाजातले वरचे स्वर हवेत आणि अडथळ्यांत विरतात आणि खालचे पोचतात, ही साधी भौतिक गोष्ट आहे. कलाकाराने वरच्या वारंवारता काटणारी गाळणी लावली आणि चाळींच्या भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींसाठी वेगवेगळ्या विलंबाच्या तीन प्रती जोडल्या. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, तेव्हा पन्नास मीटरवरच्या भिंतीवरून परतणारा प्रतिध्वनी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उशिरा येतो, एवढा हिशेब त्यात होता. प्युअर डेटामध्ये आवाज चालू असतानाच पॅच, म्हणजे पडद्यावर चौकोन जोडून केलेला कार्यक्रम, बदलता येतो. तिने गाळणीची पट्टी पडद्यावर मोठी करून माउस त्या गृहस्थांच्या हाती दिला. त्यांनी ती हळूहळू खाली आणली, एका जागी थांबवली आणि सांगितले, “आता दात घासायला उठा.” ती जागा सुमारे ९०० हर्ट्झची होती आणि पॅचमध्ये आजही तोच आकडा आहे, त्याच्या शेजारी ‘हा आकडा काकांनी लावलेला आहे, बदलू नये’ अशी मराठी टीप आहे.

ही टीप भावनेपोटी लिहिलेली वाटेल, पण ती तांत्रिक दस्तऐवज म्हणूनही महत्त्वाची आहे. पॅचमधील सर्व टिपा तिने मराठीत लिहिल्या होत्या, कारण त्या वाचण्याची वेळ आलीच तर ती ग्रंथपालांवर येईल, असा तिचा अंदाज होता.

वीज, गुणगुण आणि आवाजाची पातळी

उभारणीतल्या बाकीच्या अडचणी नेहमीच्याच होत्या. अॅम्प्लिफायर दोन वेगवेगळ्या भिंतींवरच्या बोर्डांवर जोडले होते आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असल्याने स्पीकरमधून ५० हर्ट्झची सततची गुणगुण येत होती. मुंबईत मंडपांपासून सभागृहांपर्यंत सर्रास दिसणारा यावरचा उपाय म्हणजे प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकणे. त्याने गुणगुण थांबते आणि कोणीतरी शॉक लागून दगावण्याची सोय होते. येथे सर्व अॅम्प्लिफायर एका बोर्डावर घेतले, तारा संतुलित प्रकारच्या वापरल्या आणि लांबच्या जोडणीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. वीज अचानक गेल्यावर मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून दोन्ही संगणकांचे कार्ड केवळ वाचण्यापुरते उघडे ठेवले, म्हणजे चालू असताना त्यावर काहीही लिहिले जात नाही. अपवाद एकच: ध्वनीफायलींचा फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर, लिहिता येईल असा ठेवावा, अशी संस्थेची अट होती, कारण पुढे नव्या आठवणी त्यात घालण्याची तिची इच्छा होती. मूळ फायलींचा दुसरा पेन ड्राइव्ह ग्रंथालयाच्या कपाटात राहिला.

परळ हा रुग्णालयांचा भाग आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवती शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तेथील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. भोंगा खिडकीबाहेर ऐकू जाणार नाही इतपतच ठेवला गेला. सुदैवाने, लांबून येणारा भोंगा मुळातच हळू असतो.

नववी जागा

मांडणी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी खानावळ चालवलेल्या एका आजींच्या मुलाने संस्थेला पत्र लिहिले. आजींनी सांगितलेल्या आठवणीत संपाच्या काळात उधारी बुडवणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाचा उल्लेख होता, आणि ते कुटुंब आता नात्यात आल्यामुळे तो नको झाला होता. ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येकाला जे संमतिपत्र वाचून दाखवले होते, त्यात कधीही आवाज परत घेण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली होती. कलाकाराने ती फाइल त्याच दिवशी काढायला लावली. मांडणीची रचना अशी होती की एखादी फाइल नसेल तर तिच्या वेळेपुरते स्पीकर मुके राहतात आणि चित्र चालू राहते. तिच्या मते ती मोकळी जागा मांडणीचाच भाग होती.

चिटणिसांना ते पटले नाही. पाहायला येणारे लोक त्या वेळात यंत्र बिघडले असे समजून ग्रंथपालांकडे तक्रार करत. कलाकार त्या वेळी दुसऱ्या शहरात होती. चिटणिसांच्या सांगण्यावरून संस्थेच्या एका हौशी स्वयंसेवकाने स्थानिक शाहिरांचा, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात मोबाइलवर टिपलेला पोवाडा त्या जागी घालण्याचे मनावर घेतले.

त्याने काय केले हे क्रमाने समजून घेणे आवश्यक आहे, कारण यातली प्रत्येक पायरी सद्हेतूने आणि सामान्य माणसाच्या तर्काने उचललेली होती. त्याने प्रथम मोबाइलची फाइल जशीच्या तशी, ‘पोवाडा नवा’ अशा नावाने फोल्डरमध्ये ठेवली आणि पॅचमध्ये तिचे नाव लिहिले. ती वाजली नाही, आणि त्याची कारणे दोन होती. प्युअर डेटातला फाइल वाजवणारा घटक मोबाइलच्या दाबलेल्या स्वरूपातल्या फायली वाचत नाही. शिवाय त्या प्रणालीत मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपून दुसरा सुरू होणे, त्यामुळे नाव ‘पोवाडा’ एवढ्यावरच तुटले. स्वयंसेवकाने मग एका फुकट अॅपवर ती फाइल डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या स्वरूपात आणली. बाकीच्या फायलींपेक्षा ती वेगळी राहू नये म्हणून त्याने त्याच अॅपमधून फोल्डरमधल्या सर्वच फायली काढल्या आणि मूळ फायलींवर ठेवल्या. अॅपने सगळ्यांना सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा दर लावला, म्हणजे आवाजाची मोजमापे सेकंदाला तेवढ्या वेळा साठवली. मांडणीचे साउंड कार्ड ४८,००० वर चालत होते.

प्युअर डेटा फाइल वाजवताना हा दर जुळवून घेत नाही. मिळालेले नमुने तो कार्डाच्या वेगाने सोडत जातो. त्यामुळे प्रत्येक आवाज जवळपास नऊ टक्क्यांनी जलद आणि सुमारे दीड अर्धस्वराने उंच झाला. नऊ टक्के हा आकडा फसवा आहे. त्याने काहीही मोडल्यासारखे वाटत नाही, माणसे बोलतात ते कळते, माग चालतो, आणि जे प्रथमच ऐकत आहेत त्यांना काहीच खटकत नाही. चित्र मात्र आपल्या वेळेने चालत असल्याने आवाज त्याच्या पुढे पळू लागला. फक्त भोंगा बिनचूक राहिला, कारण तो फाइल नव्हता, दर वेळी तिथल्या तिथे घडवला जात होता.

ही गोष्ट कोणत्याही यंत्राने सांगितली नाही. नातवंडांना घेऊन आलेल्या त्याच वयस्कर गृहस्थांनी आपली आठवण ऐकली आणि ग्रंथपालांना सांगितले, “आवाज माझा आहे, पण मी असा घाईने बोलत नाही.” ग्रंथपालांनी स्वयंसेवकाला विचारले, त्याला काही उमजेना, कलाकाराला फोन केला, तिने लक्षणांवरून दराचा संशय बोलून दाखवला, पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्री देता येत नव्हती. ग्रंथालयात अभ्यासिकेत बसणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मग पुढाकार घेतला. प्युअर डेटाचा पॅच ही साधी मजकूर-फाइल असते. त्याच्याकडे ती प्रणालीही नव्हती. त्याने पॅच नोटपॅडमध्ये उघडला आणि चौकोन, जोडण्या यांच्या आकड्यांच्या गर्दीत त्याला मराठीतली ओळ सापडली: ‘येथे येणारी प्रत्येक फाइल डब्ल्यूएव्ही, ४८००० ची असावी, नावात मोकळी जागा नको.’ कपाटातल्या पेन ड्राइव्हवरून मूळ फायली परत आणल्या आणि मांडणी त्याच संध्याकाळी पूर्ववत झाली.

चिटणिसांच्या पहिल्या बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे मिळाले, पण ते जसे कलाकाराने दिले होते तसे नव्हे. कोड उघडा होता म्हणून अनोळखी विद्यार्थ्याला तो वाचता आला, हे खरे. पण कोड उघडा होता म्हणूनच स्वयंसेवकाला त्यात हात घालता आला, हेही तितकेच खरे. कुलूपबंद पेटीत ही चूक घडलीच नसती. दुरुस्ती शक्य झाली ती ज्या तीन गोष्टींमुळे, त्यांपैकी एक साधनाची, दुसरी एका मराठी वाक्याची आणि तिसरी ग्रंथपालांच्या कपाटाची आहे. माझ्या मते त्यांत कपाटाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

हक्क आणि नवा करार

या घटनेनंतर दोन्ही बाजूंनी मूळ करार प्रथमच नीट वाचला. त्यात हक्कांविषयी एकच वाक्य होते: कलाकृतीचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील. सल्ला देणाऱ्या वकिलांनी दाखवून दिले की हे वाक्य दिसते तेवढे भक्कम नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. शिवाय हे ‘सर्व’ म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न होता. संगणकीय कोड या कायद्याने साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लिहिणारा असतो. मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, करवून घेणारा पहिला मालक ठरतो, म्हणजे भिंतींवरची चलचित्रे त्या न्यायाने संस्थेकडे गेली असती. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारा निर्माता. शाहिरांचा पोवाडा तर या कशातच बसत नव्हता. तो त्यांचे सादरीकरण होते, सादरकर्त्याचा हक्क कलम ३८ प्रमाणे त्यांचा होता, आणि उत्सवात मोबाइल समोर धरू देणे म्हणजे सभागृहात वर्षानुवर्षे वाजवण्याची परवानगी नव्हे.

कलम ५७ मुळे आणखी एक पेच पुढे आला. हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपल्या कृतीचा विपर्यास झाल्यास आक्षेप घेण्याचा कर्त्याचा अधिकार या कलमाने राखलेला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले, त्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सरकारला अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो याच कलमाच्या आधारे. कृती प्रदर्शित न करणे हा मात्र भंग नाही, असे कलमातच म्हटले आहे. याचा चमत्कारिक अर्थ असा की मांडणी बंद करून ठेवली असती तर कलाकाराला बोलायला जागा नव्हती, पण ती नऊ टक्के वेगाने चालवली आणि मोकळ्या जागेत पोवाडा भरला, तर निदान युक्तिवादापुरती जागा होती. तिने तशी तक्रार केली नाही. नवा करार मात्र मागितला.

नव्या करारात ‘सर्व हक्क’ हा शब्दप्रयोग नाही. पॅच, चित्राचा कोड आणि विद्यार्थ्याने नंतर लिहिलेली लहानशी स्क्रिप्ट जीएनयू जीपीएल ३ या परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली आहे. ही स्क्रिप्ट संगणक सुरू होताना फोल्डर तपासते, दर चुकीचा असेल तर एफएफएमपेग हे फायलींचे स्वरूप बदलणारे मुक्तस्रोत साधन वापरून वेगळी प्रत करते, नावातली मोकळी जागा काढते आणि मूळ फाइलला हात लावत नाही. तिच्यावर त्या विद्यार्थ्याचे नाव आहे. जीपीएल निवडण्याला एक व्यावहारिक कारण होते. संस्थेने मांडणी आपल्याच सभागृहात चालवली तर या परवान्याने तिच्यावर काही बंधन येत नाही, पण तिची प्रत दुसऱ्या संग्रहालयाला दिली तर सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. म्हणजे पुढे कोणी हीच मांडणी कुलूपबंद पेटीत घालून विकू शकणार नाही. प्युअर डेटाचा स्वतःचा परवाना बीएसडी प्रकारचा आहे आणि तो अशी सक्ती करत नाही.

घडवलेला भोंगा आणि भिवंडीतला माग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय देण्याच्या व त्याच अटींवर पुढे देण्याच्या परवान्याखाली खुले आहेत, मागाच्या मालकाच्या लेखी संमतीने. आठ माणसांचे आवाज मात्र कोणत्याही खुल्या परवान्याखाली नाहीत. कलाकाराचा आग्रह येथे अनेकांना अनपेक्षित वाटला, कारण आयुष्यभर मुक्तस्रोताचा पुरस्कार करणारी व्यक्ती सर्व काही खुले करील अशी त्यांची अपेक्षा होती. तिचे कारण नेमके होते: क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की ज्यांनी प्रत घेतली त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही, आणि संमतिपत्रात तर परत घेण्याचे वचन होते. आजींचा आवाज आधीच जगभर पसरलेला असता तर मुलाच्या पत्राला उत्तर देता आले नसते. हे आवाज फक्त सभागृहातल्या पेन ड्राइव्हवर आणि कपाटात आहेत, सार्वजनिक कोडसाठ्यात त्यांच्या जागी त्याच लांबीच्या रिकाम्या फायली ठेवल्या आहेत. मला हा निर्णय संपूर्ण प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. कोड उघडा ठेवणे हे लिहिणाऱ्याच्या हाती असते. आठवण उघडी ठेवणे हे सांगणाऱ्याच्या.

नववी जागा मोकळी राहिली. त्या वेळापुरता भिंतीवर एक ओळ उमटते की येथील आवाज सांगणाऱ्यांच्या इच्छेनुसार काढून घेतला आहे. ही ओळ चिटणिसांनी सुचवली आणि कलाकाराने स्वीकारली. तक्रारी बंद झाल्या. शाहिरांनी पोवाडा रीतसर ध्वनिमुद्रित करून द्यायची तयारी दाखवली असून तो त्या जागी नव्हे, तर मांडणीच्या अखेरीस, त्यांच्या नावासह आणि मोबदल्यासह येणार आहे.

करारात देखभालीसाठी एक परिशिष्ट जोडले आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, कलाकार किंवा तिने सुचवलेली व्यक्ती येऊन कार्डे बदलील, जोडण्या पाहील आणि मराठीतले छापील टाचण ग्रंथपालांसमोर वाचून त्याप्रमाणे मांडणी बंद-चालू करवून घेईल. या भेटीचे मानधन संस्थेच्या अंदाजपत्रकात पुस्तकखरेदीशेजारी स्वतंत्र शीर्षाखाली धरले आहे. पुरवठादाराच्या देखभाल कराराला जी रक्कम लागली असती तीपेक्षा ते कमी आहे, पण शून्य नाही, आणि हे शीर्ष मंजूर करून घेताना विश्वस्तांच्या बैठकीत बराच वाद झाला. संगणकांची पुढची पिढी कोणती घ्यायची, हा विषय तूर्त पुढे ढकलला आहे: रास्पबेरी पाय ५ वर हेडफोन जॅक नाही, पण येथे तो वापरातच नसल्याने त्याची अडचण नाही, खरी शंका आठ वाहिन्यांचे साउंड कार्ड नव्या प्रणालीवर तसेच चालेल का याची आहे. त्याची चाचणी पुढील वार्षिक भेटीत घ्यायची असून तोपर्यंत जुन्या प्रकारचे दोन संगणक राखीव म्हणून घेऊन ठेवावेत, असा ठराव विश्वस्तांसमोर आहे.